पुस्तकांचं टेबल मंडपात घ्या

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या ग्रामीण मराठी साहित्य संमेलनांच्या संयोजकांस खुलं पत्र



सुगी आटोपली. भात घरात आलं, रानात मसूर आणि वाटाणा वर आला. आता तुमच्या बैठका सुरू होतील. देवळात नाहीतर शाळेच्या वर्गात बसून तारीख धरली जाईल, पावतीपुस्तकं वाटली जातील, अध्यक्ष म्हणून कोणाला आणायचं यावर दोन-तीन रात्री जागून निघतील. मग एका रविवारी कडोली, एका रविवारी उचगाव, पुढे येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा, कुद्रेमनी, तिकडे खानापूर तालुक्यात माचीगड, इदलहोंड अशी संमेलनं होत राहतील. पत्रिका एकदा छापायला गेली की कोणाचं काही चालत नाही. म्हणून आत्ताच लिहितो.

मी तुमच्यातलाच. बेळगाव तालुक्यातल्या एका गावात वाढलो, सातवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकलो. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात चौदा वर्षं हिशेब लिहिले आणि कामावर जाण्याआधी, कामावरून आल्यावर गोष्टी लिहिल्या. नऊ वर्षांपूर्वी नोकरी सोडली. तेव्हापासून लेखन, मुद्रितशोधन, कानडीतून थोडीफार भाषांतरं आणि स्वतःची पुस्तकं स्वतः विकणं यावर घर चालतं. तीन कथासंग्रह, एक कादंबरी आणि मुलांसाठी तीन पुस्तकं एवढं आजवर छापून झालं. पुस्तकांची पेटी स्कूटरला बांधून तुमच्या जवळपास प्रत्येक संमेलनाला मी आलेलो आहे. कधी पत्रिकेत नाव होतं, बहुतेक वेळा नव्हतं. नाव नसलं तरी आलो, कारण वर्षभरात मला माझे वाचक एकत्र भेटतात ते तिथेच.

आधी एक गोष्ट मनापासून सांगतो. तुम्ही जे करता ते महाराष्ट्रातल्या माझ्या लेखकमित्रांना सांगून खरं वाटत नाही. गावातल्या लोकांनी पावत्या फाडून पैसे जमवायचे, घराघरातून तांदूळ आणि भाजी गोळा करून हजारभर माणसांचं जेवण रांधायचं, सकाळी सातला सडा घालून रांगोळ्या काढायच्या, ग्रंथदिंडीत बायकांनी डोक्यावर तुळस घेऊन चालायचं, पोरांनी लेझीम खेळायचं, आणि हे सगळं कशासाठी, तर गावात एक लेखक येऊन दोन शब्द बोलणार आहे यासाठी. कडोलीत हे तीन दशकांहून जास्त काळ चाललंय. एखादं वर्ष पाऊस दगा देतो, एखादं वर्ष परवानगीसाठी ऑफिसांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, तरी खंड पडू द्यायचा नाही ही तुमची जिद्द. मराठीत लिहिणाऱ्याला इतका मान देणारा दुसरा मुलूख मी पाहिलेला नाही.

या मातीचं पुस्तकाशी नातंही जुनं आहे. बेळगावात सार्वजनिक वाचनालय निघालं ते 1848 साली. अखिल भारतीय संमेलनं इथे झाली 1929, 1946 आणि 2000 साली. त्यातल्या 1946 च्या संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. इंदिरा संतांनी आयुष्याची बरीच वर्षं बेळगावात राहून कविता लिहिली. कोवाडला शेती सांभाळत रणजित देसाईंनी लिहिलं, आणि कोवाड म्हणजे कुद्रेमनीकरांना शेजारच्या आळीसारखं. तुम्ही भाषणांत ही नावं दरवर्षी घेता आणि ती घ्यायलाच हवीत. पण ज्यांची नावं घेतो त्यांची पुस्तकं संमेलनाच्या आवारात त्या दिवशी कुठे असतात, याच्याविषयी मला बोलायचं आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, कारण हे कमी-अधिक सगळीकडेच घडतं. मंडप सुंदर घातला होता, कमानीला केळीचे खुंट, व्यासपीठामागे ज्ञानेश्वरांपासून कुसुमाग्रजांपर्यंत तसबिरी. मी आणि बेळगावचा एक पुस्तकविक्रेता पेट्या घेऊन आठला पोचलो. आम्हाला जागा मिळाली मंडपाच्या मागे, चपलांचा ढीग आणि पिण्याच्या पाण्याची टाकी यांच्यामधे. दहापर्यंत सावली होती. मग ऊन आलं. जेवणाची रांग टाकीवरून वळली, तसे लोकांच्या ओल्या हातांचे शिंतोडे पुस्तकांवर पडायला लागले. आम्ही प्लास्टिक आणून झाकलं. झाकलेलं पुस्तक कोण उघडून बघणार? आतून कर्णा इतका जोरात होता की कोणी किंमत विचारली तर बोटं दाखवून सांगावं लागे. संध्याकाळी मी मोजलं तर माझी अकरा पुस्तकं गेली होती. त्याच दिवशी आत व्यासपीठावर अडतीस सत्कार झाले.

पैशाचं मी एकदाच बोलतो, कारण ते बोलल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. मराठी कथासंग्रहाची हजाराची आवृत्ती निघायची ती आता पाचशेवर, कधी तीनशेवर आली. दोनशे रुपयांच्या पुस्तकावर दहा टक्के मानधन धरलं, तर पाचशेच्या पाचशे प्रती खपल्यावर लेखकाच्या हातात दहा हजार रुपये येतात, आणि त्या खपायला चार-पाच वर्षं लागतात. म्हणून आम्ही स्वतःच्याच प्रती प्रकाशकाकडून चाळीस टक्के सवलतीत विकत घेतो आणि गावोगाव नेतो. एकशेवीसला घेतलेलं पुस्तक तुमच्या संमेलनात दीडशेला देतो. अकरा प्रतींवर तीनशेतीस रुपये सुटले. त्यातून पेट्रोल वजा करा. बेळगावसारख्या ठिकाणी राहून मराठीत लिहिणाऱ्याचा व्यवहार हा असा आहे, आणि माझ्याहून कितीतरी चांगलं लिहिणारी दोन-चार मंडळी या व्यवहाराला कंटाळून लिहायची थांबलेली मी पाहिली आहेत.

आता सत्काराकडे वळू. एक शाल, एक श्रीफळ, एक फेटा, एक काचेचं नाहीतर लाकडाचं स्मृतिचिन्ह. कितीही काटकसर केली तरी माणशी सहाशे रुपये कुठे जात नाहीत. चाळीस सत्कारांचे चोवीस हजार झाले. दीडशेच्या दराने त्यात एकशेसाठ पुस्तकं येतात. एकशेसाठ पुस्तकं म्हणजे गावातल्या मराठी शाळेच्या प्रत्येक वर्गाला वीस-बावीस पुस्तकं, दरवर्षी. हा हिशेब मी हिशेबनीस म्हणून चौदा वर्षं काम केल्याच्या सवयीने मांडला. तुमच्या खर्चाच्या वहीत बघून तो दुरुस्त करा. माझ्या घरी लोखंडी ट्रंकेत सत्तावीस शाली आहेत. आईने त्यातल्या काही वाकळीला अस्तर म्हणून लावल्या. त्या तुम्ही प्रेमाने पांघरवलेल्या आहेत, त्यांची किंमत मला ठाऊक आहे. पण मला विचाराल तर त्या सत्तावीस वेळा माझ्या हातात गावातल्या कुठल्यातरी पोराच्या हाताने एक पुस्तक पडलं असतं, किंवा माझ्या नावाने एक पुस्तक त्या पोराला मिळालं असतं, तर मी जास्त भरून पावलो असतो. सत्कार बंद करा असं मी म्हणत नाही. वर्गणी देणाऱ्याला, जेवण रांधणाऱ्याला मान मिळायलाच पाहिजे. तो पुस्तकाने करा एवढंच.

वाचक लेखकाला काय देतो, हे मी एका प्रसंगातून शिकलो. माझ्या पहिल्या संग्रहात एक गोष्ट आहे, तिच्यात पावसाळ्याच्या तोंडावर बाई गुडघाभर चिखलात वाकून भाताचा तरवा लावते. गोष्ट छापून आली, पुण्यात एक-दोघांनी बरं म्हटलं. पुढच्या वर्षी येळ्ळूर भागातला एक माणूस मला संमेलनात शोधत आला. फौंड्रीत मोल्डिंगला होता, रात्रपाळी करून तसाच आलेला. पुस्तकाला त्याने खाकी कागदाचं कव्हर घातलं होतं आणि मधे एका पानावर पेन्सिलीने खूण केली होती. मला म्हणाला, "सर, तुम्ही चुकलाय की वो. आमच्या शिवारात तरवा कुठं लावतात? धूळवाफ पेरणी करतात, कुरीनं. पाऊस पडायच्या आत." मी त्या खुणेकडे बघत राहिलो. माझ्या लहानपणी माझा बाप मे महिन्याच्या शेवटी कोरड्या मातीत कुरीनेच पेरायचा, आम्ही पोरं कुरीच्या मागे चालायचो, हे मला माहीत होतं. तरी लिहायला बसल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आलं ते कोकणातल्या कादंबऱ्यांत वाचलेलं शेत. माझं स्वतःचं शिवार मी दुसऱ्याच्या पुस्तकातून बघितलं होतं. हे कुठल्या समीक्षकाच्या लक्षात आलं नाही, कारण त्यांच्यापैकी कोणी आमचं शिवार पाहिलेलं नव्हतं. ते लक्षात यायला येळ्ळूरचाच वाचक लागला.

दुसऱ्या आवृत्तीत ते पान बदललं. दुसरी आवृत्ती यायला अकरा वर्षं गेली. पहिली प्रत त्या माणसाला नेऊन दिली तेव्हा तो निवृत्त झाला होता, आणि त्याने आधी तेच पान उघडून वाचलं.

भाषेचंही असंच. आपल्याकडे आजी नातवाला विचारते, "काय करूलालास?" माझ्या हस्तलिखितात ते तसंच होतं. प्रकाशकाकडून मुद्रितं आली त्यात "काय करत आहेस?" झालं होतं, आणि समासात मुद्रणदोष म्हणून खूण. मी पत्र लिहून सांगितलं की हा दोष नाही, आम्ही असंच बोलतो. तीन वेळा दुरुस्त करून पाठवलं, तरी शेवटी दोन ठिकाणी "करत आहेस" राहिलंच. त्या दोन ठिकाणी माझी आजी मला परकी वाटते. प्रकाश नारायण संतांनी लंपन नावाच्या मुलाच्या गोष्टींत या भागातली मराठी तिच्या कानडी हेलासकट पुस्तकात आणली. त्या गोष्टींचं 'वनवास' 1994 साली आलं आणि आमच्यासारख्यांना धीर आला की असं लिहिता येतं, छापलं जातं, आणि मुंबई-पुण्याचे वाचकही ते डोक्यावर घेतात. पण एक गोष्ट माझ्या मनात सलते. हे पुस्तक मराठी वाचकांनी घरोघर नेलं, आणि ज्या गावांत ती भाषा रोज बोलली जाते तिथल्या शाळांत ते कितीदा सापडतं? मी विचारत फिरलो आहे. एका शाळेत पुस्तकांचं कपाट होतं, किल्ली होती ते गुरुजी बदली होऊन गेले होते, नवी किल्ली करायची राहून गेली होती. काचेतून पुस्तकांच्या पाठी दिसत होत्या.

मराठी शाळांचा पट घसरतोय, हे मी तुम्हाला सांगायला नको. पोरगं इंग्रजी शाळेत घातलं म्हणून मी कोणाला दोष देत नाही. फौंड्रीत हात भाजलेल्या बापाला आपल्या मुलाने ऑफिसात बसावं असं वाटणारच. पण इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाला घरी एक मराठी पुस्तक मिळालं तर तो मराठी वाचू शकतो, आणि ते मिळालं नाही तर दहावीला येईपर्यंत आजीशी बोलण्यापुरती मराठी त्याच्याकडे उरते. मी हे माझ्याच घरात पाहिलं. माझ्या पुतण्याला अक्षरं येत होती, जोडाक्षरांशी अडायचा. मुलांसाठीचं माझं पहिलं पुस्तक मी त्याच्यासाठी लिहिलं, मोठ्या टाइपात, आमच्या गल्लीतल्या म्हशीची गोष्ट. तो दिवसाला एक पान वाचायचा आणि म्हशीला बरं वाटलं का ते विचारायला धावत यायचा. आता तो माझी मुद्रितं तपासतो.

आता जे एका गावात घडलं ते सविस्तर सांगतो, कारण या पत्राचं मूळ तिथे आहे.

तीन वर्षांपूर्वी एका गावच्या मंडळींनी माझं ऐकलं. स्मृतिचिन्हांचे पैसे वाचवून दिवाळीच्या सुमारास त्यांनी 'वनवास'च्या पंचवीस प्रती घेतल्या. प्रत्येक प्रतीच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवला आणि वर लिहिलं, वाचून झालं की नाव लिहा आणि शेजारच्या घरात द्या. दुसरा काही नियम नाही. प्रती गेल्या दूध डेअरीत, सोसायटीत, अंगणवाडीत, न्हाव्याच्या दुकानात, महिला मंडळात. काही हरवतील असं गृहीत धरलं होतं. फेब्रुवारीत संमेलनाच्या आठवडाभर आधी त्या गोळा केल्या तेव्हा तेवीस परत आल्या आणि मागच्या कागदांवर एकशेचाळीसच्या वर नावं होती. एका प्रतीवर हळदीची बोटं, एकीला सायकलच्या कॅरिअरचा वळ. काही नावं कानडी अक्षरात लिहिलेली, मराठी वाचता येतं पण लिहायची सवय राहिलेली नाही अशा लोकांची.

संमेलनात दुपारचं एक सत्र यासाठी ठेवलं, पाऊण तासाचं. व्यासपीठावर कोणी नाही, सगळे जमखान्यावर. पहिली दहा मिनिटं कोणी बोलेना. मग बचत गटातल्या एक वहिनी उठल्या. त्यांनी आयुष्यात माइक धरलेला नव्हता, तो त्यांनी हनुवटीला लावला. म्हणाल्या, "ते लंपन आईबाबांपासून लांब आजीकडे राहतंय की नाही. माझा मुलगा पण शिकायला बेळगावला मावशीकडं ठेवलाय. सुट्टीला येतंय, जाताना एक शब्द बोलत नाही. मी म्हणायची, त्याला आमचं काही वाटत नाही. हे वाचून मला कळलं ते का बोलत नाही." आणि खाली बसल्या. त्यांच्यानंतर मंडपात एकाला थांबवून दुसरा उठायला लागला. एका म्हाताऱ्यांनी पुस्तकातल्या शब्दांची यादीच करून आणली होती, कुठला शब्द आमच्या गावात आहे, कुठला पलीकडच्या गावात. सत्र दोन तास चाललं. कविसंमेलनाचे कवी खोळंबले आणि एकाही कवीने कुरकुर केली नाही. ते मागे उभे राहून ऐकत होते. त्या संध्याकाळी माझ्या पेटीतलं एकही पुस्तक उरलं नाही. बेळगावच्या विक्रेत्याने दुसऱ्या दिवशी गावात आणखी एक पेटी पाठवली.

पुढच्या वर्षी कार्यकारिणी बदलली आणि हा उपक्रम मागे पडला. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. नव्या मंडळींना कोणी सांगितलं नाही एवढंच. त्या पंचवीसातल्या न परतलेल्या दोन प्रतींपैकी एक मला गेल्या वर्षी सापडली. गावातली मुलगी लग्न होऊन कोल्हापूरला गेली, ती घेऊन गेली होती. मागच्या कागदावर तिच्या सासूचं नाव होतं.

म्हणून माझी विनंती आहे. यंदाच्या पत्रिकेत एक सत्र वाचलेल्या पुस्तकासाठी ठेवा. कुठलं पुस्तक ते गावाने ठरवावं. माझं नको, आधी दुसऱ्यांची घ्या. इंदिरा संतांची कविता घ्या, रणजित देसाईंची कथा घ्या, सीमाभागातल्या एखाद्या नव्या मुलीचा पहिला संग्रह घ्या. अध्यक्ष बाहेरून आणायचे असतील तर त्यांचं एक पुस्तक त्यांच्या येण्याआधी गावात फिरू द्या. मी अनेक अध्यक्षांबरोबर गाडीतून परत आलो आहे. जेवणाचं, दिंडीचं, आदरातिथ्याचं कौतुक करून झालं की ते गप्प होतात आणि मग हळूच विचारतात, इथे कोणी माझं काही वाचलं असेल का? मला उत्तर देता येत नाही. लेखकाला एवढ्या लांबून बोलावल्यावर त्याला या प्रश्नाचं उत्तर मिळालं पाहिजे.

पुस्तकांत कानडीतून मराठीत आलेली पुस्तकंही असू द्या. मराठी जपायची म्हणजे कानडीकडे पाठ करायची, असं मी मानत नाही आणि आपल्या मातीनेही कधी मानलं नाही. द. रा. बेंद्रे कानडीतले थोर कवी, त्यांच्या घरची बोली मराठी. उमा कुलकर्णींचा जन्म बेळगावचा. त्यांनी भैरप्पा आणि शिवराम कारंत मराठी वाचकांच्या घरात आणून पोचवले. हे काम सीमेवरच्या माणसाला जितकं सहज जमतं तितकं दुसऱ्या कोणाला जमत नाही. आमच्या गावांत दोन्ही भाषा कानावर पडलेली शेकडो पोरं आहेत. त्यांतलं एखादं उद्याचा चांगला भाषांतरकार आहे, त्याच्या हातात दोन्हीकडची पुस्तकं पडायला हवीत.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. कर्नाटकात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1965 साली झाला. त्याप्रमाणे मालमत्ता करावर सहा टक्के ग्रंथालय उपकर घेतला जातो. तो तुम्हीही भरता, मीही भरतो. ग्रामपंचायतींची वाचनालयं 2019 पासून पंचायत राज खात्याकडे आली, आणि 2020 साली मुलांना तिथे मोफत सभासद करून घ्यायची 'ओदुव बेळकु' ही मोहीम सुरू झाली. वाचनाचा उजेड, असा त्या शब्दांचा अर्थ. उजेड चांगलाच आहे. आपल्या गावच्या वाचनालयात जाऊन बघा, मराठी पुस्तकं किती आहेत, मराठी वर्तमानपत्र येतं का. नसेल तर ग्रामसभेत लेखी मागणी द्या, तिची पोच घ्या, आणि सोबत पुस्तकांची यादी जोडा. यादी करून द्यायचं काम माझं. संमेलनातल्या ठरावांत दरवर्षी मोठमोठे विषय असतात, त्यांच्या जोडीला हा एक छोटा ठराव असू द्या: अमुक गावच्या वाचनालयात अमुक इतकी मराठी पुस्तकं पुढच्या संमेलनापर्यंत आली पाहिजेत. आणि पुढच्या वर्षी प्रास्ताविकात किती आली ते सांगा.

ग्रंथदिंडीविषयी एक सुचवावंसं वाटतं, रागावू नका. पालखीत ज्ञानेश्वरी असते, गाथा असते, लोक हात जोडतात, बायका ओवाळतात. तो भाव मला फार मोलाचा वाटतो. पुस्तकाला देव मानून रस्त्याने मिरवणारी आपली माणसं आहेत. पालखीमागे चालणाऱ्या शाळकरी मुलांच्या हातात यंदा भगव्या पताकांच्या जोडीला एकेक पुस्तक द्या. दिंडी गल्लीतून जाताना ज्या घरापुढे थांबेल त्या घरात मुलाने ते पुस्तक ठेवून पुढे जावं, आणि घरातल्यांनी ते महिनाभराने शाळेत नेऊन द्यावं. शंभर पुस्तकं लागतील. ती कुठून आणायची हे वर सांगितलंच आहे.

आणि टेबलाचं. ते चपलांपाशी नको, पाण्याच्या टाकीपाशी नको. मंडपात शिरल्यावर उजव्या हाताला, जिथे आपण वर्गणीदारांचं टेबल ठेवतो, तिथेच शेजारी जागा द्या. वर कापड, बसायला दोन खुर्च्या, आणि दोन सत्रांच्या मधे वीस मिनिटं कर्णा बंद. सूत्रसंचालकाने तेवढ्या वेळात चार पुस्तकांची नावं घेतली तरी पुष्कळ. जी मुलं पैसे नसल्यामुळे नुसती उभी राहून पानं उलटतात त्यांना कोणी हटकू नये. मी त्यांच्यासाठी एक सतरंजी आणतो, त्यांनी बसून वाचावं. असं बसून एका दुपारी माझं अख्खं पुस्तक वाचून संपवणारी एक मुलगी सांबऱ्याच्या बाजूची होती. तिने ते विकत घेतलं नाही. परवा तिची पहिली कविता एका दिवाळी अंकात आली, तो अंक तिने मला आणून दिला.

तुमची बैठक कुठल्या दिवशी आहे ते कळवा, मी येऊन बसतो. सत्कार नको, जेवणाची व्यवस्था नको, भाडं नको. टेबल माझं, कापड माझं. मंडपात तेवढी चार फूट जागा राखून ठेवा.

आपला,
याच शिवारातला एक लेखक